कप्स स्नॅप आणि प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन्स: कोकणातल्या ऑफिसात कुठवर चालतात

रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातलं कुठलंही छोटं ऑफिस घ्या. ई-सेवा केंद्र असो, पतसंस्था असो की आंब्याचं पॅकिंग हाउस, तिथल्या संगणकाचं निम्मं काम प्रिंट काढणं हेच असतं: सातबारा, पावत्या, पेटीवरची लेबलं, दलालाकडून आलेली पट्टी. लिनक्सवर हे सगळं सांभाळणारी कप्स ही सर्व्हिस अडली की काउंटरवर रांग लागते. ओपनप्रिंटिंग या प्रकल्पाने हीच कप्स स्नॅपच्या रूपात, म्हणजे सँडबॉक्समध्ये चालणारं पॅकेज म्हणून दिली आहे आणि जुन्या ड्रायव्हरांच्या जागी चार प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन्स दिली आहेत.

आमचं मत आधीच सांगतो. प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन्स बिनधास्त वापरा. कप्स स्नॅप मात्र नव्याने उभ्या करायच्या मशीनवरच घ्या; सुरळीत चाललेल्या मशीनवर त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि टेबलावर कॅननचा एलबीपी २९०० असेल तर तूर्त यातलं काहीच नको. कारण पुढे येईलच.

गडगा आणि बेडं

स्नॅप म्हणजे स्क्वॉशएफएसमध्ये बांधलेली, फक्त वाचता येणारी एक फाइल. स्नॅपडी (स्नॅप बसवणारी आणि सांभाळणारी सर्व्हिस) ती लूप डिव्हाइसवर माउंट करतं आणि आतल्या प्रोग्रामभोवती अ‍ॅपआर्मर, सेककॉम्प, डिव्हाइस सीग्रुप आणि स्वतंत्र माउंट नेमस्पेस अशी लिनक्स कर्नलमधल्या बंधनांची राखण बसवतं. आपल्याकडे गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातलेलं आवार असतं तसंच हे. आत काय ते करा, बाहेर जायचं तर बेड्यातूनच, म्हणजे फाटकातूनच. इथलं बेडं म्हणजे इंटरफेस. यूएसबीसाठी रॉ-यूएसबी, नेटवर्कवर ऐकण्यासाठी नेटवर्क-बाइंड, प्रिंटर इतरांना दिसावा म्हणून आवाही-कंट्रोल. तो इंटरफेस जोडलेला नसेल तर प्रोग्राम रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालत असला तरी त्याला त्या वस्तूला हात लावता येत नाही.

प्रिंटिंगला एवढी राखण कशाला, असं वाटत असेल तर सप्टेंबर २०२४ आठवा. कप्स-ब्राउझ्ड ही सोबतची सर्व्हिस ६३१ या यूडीपी पोर्टवर कुणाचंही ऐकत होती. बाहेरून डेटाचं एक पाकीट पाठवून खोटा प्रिंटर नोंदवता येत होता, आणि त्याच्या पीपीडी फाइलमध्ये (प्रिंटरचं वर्णन असलेली फाइल) लपवलेली कमांड पुढचं प्रिंट काढताना मशीनवर चालत होती. स्नॅपमध्येही चूक घडू शकते, पण अशी कमांड चालली तरी ती गडग्याच्या आतच राहते. ऑफिसच्या फोल्डरमधल्या ग्राहकांच्या आधारच्या प्रती तिला दिसत नाहीत. सार्वजनिक वायफाय देणाऱ्या लॉजमध्ये किंवा सेवा केंद्रात हा फरक मोठा आहे.

ही राखण सगळीकडे सारखी नाही. उबुंटूवर ‘स्नॅप डीबग कॉन्फाइनमेंट’ ही कमांड ‘स्ट्रिक्ट’ (पूर्ण राखण) असं उत्तर देते. डेबियनच्या नेहमीच्या कर्नलवर तीच ‘पार्शल’ (अर्धवट) म्हणते, कारण स्नॅपडीला लागणारे अ‍ॅपआर्मरचे काही भाग त्यात नसतात. डेबियनवर आधारलेलं बॉस लिनक्स वापरत असाल तर ही कमांड आधी चालवून पाहा आणि मगच सुरक्षेबद्दल बोला.

सिस्टिमची सर्व्हिस आत बसवताना काय अडतं

ब्राउझर सँडबॉक्समध्ये घालणं त्या मानाने सोपं. सर्व्हिसचं तसं नाही. तिची मुळं सगळ्या सिस्टिमभर पसरलेली असतात. कप्स स्नॅप चांगलं चालतं याचं श्रेय वेष्टणाला नाही, आतल्या कप्समध्येच बदल केले गेले याला आहे. हा फरक ओळखता आला की दुसरं कुठलंही सिस्टिम स्नॅप पारखता येतं.

पहिली अडचण पाथची, म्हणजे फाइलींच्या पत्त्यांची. सर्व्हिस कंपाइल होतानाच ईटीसी डिरेक्टरीतली सेटिंग कुठे आणि व्हार डिरेक्टरीतला स्पूल (छपाईच्या रांगेतल्या फाइलींची जागा) कुठे हे तिच्यात पक्कं होतं. स्नॅपमध्ये लिहिण्याच्या जागा वेगळ्या: ‘स्नॅप डेटा’ (प्रत्येक आवृत्तीची वेगळी) आणि ‘स्नॅप कॉमन’ (सगळ्या आवृत्त्यांची सामाईक). शक्य तिथे बिल्डच्या वेळीच पाथ बदलावेत. ते जमत नसेल तर लेआउट ही स्नॅपची सोय वापरून जुन्या पाथवर नवी जागा माउंट करता येते, पण लेआउटलाही सीमा आहे. रन, व्हार-रन, टेम्प, होम, प्रॉक, सिस यांना हात लावता येत नाही आणि फाइल सिस्टिमच्या मुळाशी नवीन डिरेक्टरी तयार करता येत नाही. सर्व्हिसचा सॉकेट (इतर प्रोग्राम तिच्याशी ज्यातून बोलतात ती फाइल) बहुधा रनमध्येच असतो, म्हणून सगळं अडतं ते तिथे. कप्स स्नॅपने सॉकेट ‘/व्हार/स्नॅप/कप्स/कॉमन/रन’ मध्ये नेला आणि मार्ग काढला.

दुसरी अडचण युजरची, आणि नवखा पॅकेजर हमखास इथेच फसतो. जुन्या पद्धतीच्या सर्व्हिस रूट म्हणून सुरू होतात आणि मग एलपी, पोस्टग्रेस असा कमी अधिकाराचा युजर धारण करतात. स्नॅपच्या सेककॉम्प नियमात सेटग्रुप्ससारखे कॉल आणि दुसऱ्याच्या नावावर चोन करणं (फाइलीची मालकी बदलणं) अडवलेलं असतं, त्यामुळे सर्व्हिस सुरू होताच ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणून बसते. उपाय म्हणजे स्नॅपडीने राखून ठेवलेला ‘स्नॅप_डिमन’ हा युजर, क्रमांक ५८४७८८. स्नॅपच्या वर्णनात सिस्टिम-युजरनेम्समध्ये तो मागावा लागतो. सेटग्रुप्सला दिलेली यादी रिकामी असेल तेव्हाच तो कॉल चालतो. इनिटग्रुप्स वापरणारा प्रोग्राम असेल तर सोर्समध्ये पॅच मारण्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरी अडचण अधिकाराची. प्रिंट कुणीही काढावं, पण प्रिंटर पुसायचा अधिकार कुणाला? स्नॅपमध्ये यासाठी दोन इंटरफेस आहेत: ‘कप्स’ फक्त छापू देतो, ‘कप्स-कंट्रोल’ कारभार करू देतो. समोरचा ग्राहक-प्रोग्राम स्नॅप आहे का आणि त्याच्याकडे कंट्रोल जोडलेला आहे का, हे कप्सडी (कप्सची मुख्य सर्व्हिस) स्वतः स्नॅपडीला विचारतं. स्नॅपमध्ये चालण्याची सोय कप्सच्या २.४ आवृत्तीपासून मूळ कोडमध्येच आहे, बाहेरून चिकटवलेली नाही. आमच्या दृष्टीने या पॅकेजची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच.

बसवताना

मशीनवर आधीपासून नेहमीची कप्स असेल आणि त्यावर कप्स स्नॅप टाकलं, तर ते प्रॉक्सी मोडमध्ये जातं. म्हणजे सिस्टिमच्या कप्समधल्या प्रिंटरच्या रांगा ते आपल्याकडे आरशासारख्या दाखवतं आणि स्नॅप प्रोग्रामची प्रिंटं पुढे सरकवतं. हे बरोबरच आहे, पण बसवणाऱ्याला ठाऊक नसतं. तो स्नॅपमध्ये प्रिंटर जोडायला जातो आणि गोंधळतो. कॉमन डिरेक्टरीत ‘नो-प्रॉक्सी’ नावाची रिकामी फाइल ठेवली की दोन्ही शेजारी-शेजारी स्वतंत्र चालतात. तेव्हा स्नॅपवाली १०६३१ पोर्टवर असते. एका मशीनवर दोन कप्स म्हणजे कुठल्या रांगेत काय अडकलं हे शोधण्यात अर्धा दिवस. एकच ठेवा. नेहमीची कप्स नसलेल्या सर्व्हर इन्स्टॉलवर स्नॅप टाकलं तर ते सरळ ६३१ घेतं आणि कसलीही कटकट राहत नाही. कुठली कप्स उत्तर देते आहे ते ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचे हे दोन पोर्ट उघडून पाहिलं की कळतं.

प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन्सना यातलं काही लागत नाही, म्हणूनच ती आम्हाला जास्त आवडतात. पीएस, घोस्टस्क्रिप्ट, एचपीलिप आणि गुटेनप्रिंट अशी चार. प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन जुन्या प्रिंटरला ड्रायव्हर न लागणाऱ्या आधुनिक आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल) प्रिंटरचं रूप देतं, आणि तो सिस्टिमच्या नेहमीच्या कप्सलाही आपोआप दिसतो. ‘स्नॅप इन्स्टॉल’ करून लोकलहोस्टवर ८००० पोर्ट उघडायचा आणि वेबपानावरून प्रिंटर जोडायचा, एवढंच काम. ८००० आधीच कुणी घेतलेला असेल तर ते पुढचा मोकळा पोर्ट घेतं. म्हणून दोन अ‍ॅप्लिकेशन्स असतील तर पोर्ट क्रमांक टाकून हाताने रांग बनवू नका. मशीन पुन्हा सुरू होताना क्रम बदलला की रांग भलतीकडेच बोट दाखवेल. आवाही डिमन (नेटवर्कवर प्रिंटरची नावं जाहीर करणारी सर्व्हिस) चालू ठेवा आणि प्रिंटर त्याच्या नावाने सापडू द्या.

प्रिंटर दिसत नसेल तर आधी ‘स्नॅप कनेक्शन्स’ पाहा. रॉ-यूएसबी पुढे आडवी रेघ असेल तर तो जोडलेला नाही. ‘स्नॅप कनेक्ट’ने जोडा. तो जोडलेला असूनही दिसत नसेल तर तोच प्रिंटर सिस्टिमच्या कप्सने किंवा आयपीपी-यूएसबीने (यूएसबी प्रिंटर नेटवर्क प्रिंटरसारखा दाखवणारी सर्व्हिस) धरून ठेवला आहे का ते बघा. यूएसबीचा एक इंटरफेस एका वेळी एकाच्याच हातात राहतो.

आता प्रिंटरांबद्दल. एचपीचे बहुतेक लेझर एचपीलिप अ‍ॅप्लिकेशनने चालतात. लेझरजेट १०२० च्या जातीचे प्रिंटर मात्र वीज गेली की आपलं फर्मवेअर विसरतात आणि त्यांना एचपीचा बंदिस्त प्लगइन लागतो. तो अ‍ॅप्लिकेशनच्या वेबपानावरून उतरवता येतो, पण त्या वेळी नेट हवं. बसवून झाल्यावर प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा आणि एक पान काढा. जूनमध्ये दिवसातून चारदा लाइट जाते तेव्हा खरी परीक्षा हीच असते. ब्रदर आणि सॅमसंगच्या लेझरसाठी घोस्टस्क्रिप्ट अ‍ॅप्लिकेशन, खरा पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर असेल तर पीएस. त्यात निर्मात्याची पीपीडी वेबपानावरून चढवता येते.

गल्लोगल्ली दिसणारा एलबीपी २९०० कॅननची कॅप्ट भाषा बोलतो आणि त्याचा अधिकृत ड्रायव्हर बंदिस्त आहे. असा ड्रायव्हर सिस्टिमच्या कप्सच्या फिल्टर डिरेक्टरीत फाइली टाकतो. स्नॅप फक्त वाचता येणारं असल्यामुळे तिथे कुणालाच काही टाकता येत नाही. सिस्टिमवर बसवलेले ड्रायव्हर वापरणारं लेगसी प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन आहे, पण नेमकं ते स्नॅप म्हणून मिळत नाही, कारण त्याला गडग्याबाहेरच्या फाइली लागतात. हा प्रिंटर असेल तर जुनी कप्स जपून ठेवा.

लहान, पण रोज टोचणाऱ्या गोष्टी

स्नॅपची टेम्प डिरेक्टरी त्याची स्वतःची असते. त्यामुळे ‘कप्स.एलपी’ ही कमांड वापरून टेम्पमधली फाइल छापायला गेलात तर फाइल सापडत नाही असं उत्तर येतं. पेनड्राइव्हवरची फाइलही तशीच, कारण रिमूव्हेबल-मीडिया इंटरफेस आपोआप जोडला जात नाही. लिब्रेऑफिस किंवा पीडीएफ वाचक यांतून दिलेलं प्रिंट सॉकेटमार्गे जातं, त्यांना याची बाधा नाही.

देवनागरीत लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल थेट प्रिंटला देऊ नका. टेक्स्टचं पीडीएफ करणारा फिल्टर जोडाक्षरं नीट जुळवत नाही. ‘क्ष’ आणि ‘र्‍या’ तुटून येतात. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या, ती नीट छापते.

जुन्या हार्ड डिस्कच्या आणि २ जीबी रॅमच्या मशीनवर सुरुवातीला स्नॅप जड वाटतं. बेस स्नॅप (इतर स्नॅप ज्यावर चालतात तो पाया) आणि स्नॅपडी मिळून शंभर एमबीच्या पुढे उतरवावं लागतं. क्लासिक, म्हणजे नेहमीच्या लिनक्स सिस्टिमवर प्रत्येक स्नॅपच्या दोन आवृत्त्या डिस्कवर राहतात. ३२ जीबी डिस्कच्या मशीनवर जागेचा हिशेब आधी करा.

लाइट आणि नेट

कोकणात स्नॅपची बाजू घेण्याचं सगळ्यात पक्कं कारण लाइट हे आहे. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर एपीटीवाल्या (डेबियन-उबुंटूची नेहमीची पॅकेज पद्धत) मशीनवर डीपीकेजी हा पॅकेज बसवणारा प्रोग्राम अर्धवट राहतो आणि जाणत्या माणसाने ‘कॉन्फिगर’ करेपर्यंत पुढचं काहीच बसत नाही. तालुक्याच्या गावाहून तो माणूस येईपर्यंत दिवस जातो. स्नॅपची नवी आवृत्ती ही वेगळीच फाइल असते. ती पूर्ण उतरून तपासून झाल्यावरच स्नॅपडी तिकडे वळतं, आणि मध्येच बिघडलं तर पावलं उलटी टाकून जुन्यावर परततं. काय झालं ते ‘स्नॅप चेंजेस’मध्ये दिसतं. आवृत्तीच वाईट निघाली तर ‘स्नॅप रिव्हर्ट’ हा एका ओळीचा उपाय. पण रिव्हर्टबरोबर फक्त ‘स्नॅप डेटा’ मागे जातो, ‘कॉमन’ जात नाही. आणि कप्स स्नॅपची सेटिंग कॉमनमध्ये असते. म्हणून प्रिंटर जोडून झाले की ‘स्नॅप सेव्ह’ने एक स्नॅपशॉट काढा आणि ‘एक्सपोर्ट-स्नॅपशॉट’ने तो पेनड्राइव्हवर घ्या. यूपीएस तरीही हवाच, कारण फक्त वाचता येतो तो प्रोग्राम. तुमचा डेटा नाही.

नेटची बाजू मात्र उलटी आहे. स्नॅपडी दिवसातून चार वेळा अपडेट पाहतं आणि अपडेट आलं की सर्व्हिस पुन्हा सुरू करतं. एप्रिलमध्ये पेट्यांची लेबलं छापत असताना हे घडणं परवडत नाही. ‘रिफ्रेश.टायमर’ ठरवून घ्या. रात्रीची वेळ देऊ नका, तेव्हा मशीन बंद असतं. दुपारी दीड ते तीन, जेवणाच्या वेळेचा पट्टा चांगला. हंगामापुरतं थांबवायचं असेल तर ‘स्नॅप रिफ्रेश’ला ‘होल्ड’ जोडून कालावधी द्या. ही सोय स्नॅपडी २.५८ पासून आहे. मोबाइल हॉटस्पॉटवर चालणाऱ्या ठिकाणी ‘रिफ्रेश.मीटर्ड’ला ‘होल्ड’ द्या आणि नेटवर्क मॅनेजरमध्ये ते कनेक्शन मीटर्ड आहे हे नोंदवा, नाहीतर दिवसाचा डेटा सकाळीच संपेल.

जिथे नेट पोचतच नाही तिथे ‘स्नॅप डाउनलोड’ने स्नॅप आणि असर्ट (सहीची फाइल) अशा दोन फाइली घ्या. कप्स, त्याचा बेस आणि स्नॅपडी, प्रत्येकाच्या. नव्या मशीनवर आधी ‘स्नॅप अ‍ॅक’, मग इन्स्टॉल. घाईत ‘डेंजरस’ लावून बसवलं तर ते बसतं, पण सही नसल्यामुळे रॉ-यूएसबीसारखे, स्टोअरच्या परवानगीने जोडले जाणारे इंटरफेस आपोआप जोडले जात नाहीत आणि पुढे अपडेटही येत नाहीत. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, रायगड आणि दापोली-मंडणगडच्या बाजूला वीज आणि नेट दीर्घकाळ गेलं होतं. अशा फाइलींचा एक पेनड्राइव्ह कपाटात असणं ही पावसाळ्याची बेगमीच समजा.

स्वतःची सर्व्हिस आत घालायची असेल तर

इथे काट्याचं उदाहरण घेऊ. मासळीच्या किंवा काजूच्या वजनकाट्याच्या सीरियल पोर्टवरून आकडा वाचून बिलात टाकणारी छोटी पायथन सर्व्हिस. बेस कोअर२४, पायथन प्लगइन, ‘डिमन: सिंपल’ आणि सीरियल-पोर्ट व नेटवर्क-बाइंड हे प्लग (इंटरफेसचं मागणारं टोक), एवढ्यात वर्णनफाइल होते. बिल्ड एलएक्सडी कंटेनरमध्ये होतं, त्यासाठी ८ जीबी रॅमचं मशीन घ्या.

प्रत्यक्षात अडचण सीरियल-पोर्टची येते. उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर या इंटरफेसला स्लॉटच (देणारं टोक) नसतो. ‘स्नॅप सेट सिस्टिम एक्सपेरिमेंटल.हॉटप्लग=ट्रू’ करून स्नॅपडी पुन्हा सुरू केलं की केबल लावल्यावर स्लॉट उगवतो आणि मग तो हाताने जोडायचा. नाव सांगतं तसा हा भाग अजून प्रायोगिक आहे आणि आम्ही गुण कापतो ते इथेच. केबल घेताना एफटी२३२ चिपची घ्या, तिला स्वतःचा सीरियल नंबर असतो. स्वस्त सीएच३४० ला बहुधा नसतो, त्यामुळे तसल्या दोन केबलींमध्ये कुठला काटा कुठला ते ओळखता येत नाही. शिवाय उबुंटू २२.०४ वर अंधांसाठीचं बीआरएलटीटीवाय हे पॅकेज सीएच३४० ला ब्रेल यंत्र समजून बळकावतं. ब्रेल वापरणारं कुणी नसेल तर ते काढून टाका.

चाचणी डेव्हमोडमध्ये (राखण सैल ठेवणारा मोड) सुरू करावी, पण तिथे सगळंच चालतं हे विसरू नये. नियम मोडल्याची फक्त नोंद होते. ‘स्नॅपी-डीबग’ हे स्नॅप शेजारी चालू ठेवा, ते कुठला इंटरफेस हवा हे सुचवतं. कर्नल भराभर येणाऱ्या नोंदी गाळतो, तेव्हा ‘कर्नल.प्रिंटके_रेटलिमिट’ शून्य करा, नाहीतर नेमकी हवी ती ओळ दिसणार नाही. अ‍ॅपआर्मरने अडवलं तर नोंदीत ‘डिनाइड’ येतं, सेककॉम्पने अडवलं तर प्रकार १३२६.

जेटीजवळ खाऱ्या वाऱ्याने यूएसबीची टोकं गंजतात, केबल क्षणभर सुटते आणि पोर्टचं नाव टीटीवाययूएसबी० चं टीटीवाययूएसबी१ होतं. सर्व्हिसने जुना हँडल धरून ठेवला तर काटा चालू दिसतो, पण आकडा गोठलेला असतो आणि बिल चुकतं. म्हणून वाचताना एकही चूक आली की सर्व्हिसने सरळ बाहेर पडावं. ‘रीस्टार्ट-कंडिशन: ऑलवेज’ आणि ‘रीस्टार्ट-डिले: ५एस’ दिलं की पाच सेकंदांनी ती नव्या पोर्टवर उभी राहते, तोवर बिलाच्या रकान्यात जुन्या आकड्याऐवजी रिकामी जागा दिसली पाहिजे.